आईच्या लुगड्याचे काठ

माहेरी गेल्यावर तुम्ही आधी काय बघता हो? मी स्वैपाकघरातली फळी बघते. डबे जागच्या जागी असले, की आई आहे असं वाटतं. आई नसली तरीसुद्धा.

माझं माहेर सिहोरा, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं. नागपूरहून हावड्याच्या लाइनीवर तुमसर रोडला उतरायचं, तुमसरला यायचं आणि बपेऱ्याकडे जाणारी एसटी धरायची. पुढे बावनथडी नदी आणि तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. म्हणून आमच्या बाजारात मराठी, हिंदी आणि पोवारी अशा तिन्ही बोली कानावर पडतात. जवळच चांदपूरचा तलाव आणि तिथला मारुती. दिवाळीत आलात, तर बांध्यांमधलं धान पिवळं झालेलं असतं, कुठे कापून पुंजणे रचलेले असतात, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडईला सुरुवात होते.

इतकं सगळं आवडीचं असून मी चार वर्षं भाऊबीजेला गेले नव्हते. कारण सांगायला आता लाज वाटते. कारण होतं एक लुगडं.

आईचं ते करवती काठाचं कोशाचं लुगडं. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून आमच्याकडचं हे रेशीम निघतं. मोहाडी, आंधळगाव, पवनी या भागांत कोष्टी ते हातमागावर विणत आले. अंग कोशाचं, काठ सुताचा. दोन्ही काठ आणि अंग यांसाठी तीन वेगळे धोटे चालवायचे आणि जिथे काठ अंगाला मिळतो तिथे करवतीसारखे दाते उमटवायचे. आई गेल्यावर ते वहिनीच्या ट्रंकेत राहिलं. मी मागितलं नाही, तिने दिलं नाही. मनात मात्र अढी बसली.

यंदा भाऊ स्वतः न्यायला आला, म्हणून गेले. स्वैपाकघरात पाऊल टाकलं आणि फळीकडे बघून माझं डोकंच फिरलं. तेलाचे रिकामे पिपे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला कापडाचा अंगरखा, आणि त्या अंगरख्यांवर आईच्या लुगड्याचा करवती काठ!

“वहिनी, आईचं लुगडं डब्यांना फाडलंस?”

ती काही बोलली नाही. ट्रंक उघडून एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. सोडलं, तर हातात चिंध्या आल्या. लुगडं वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं होतं, आणि घडी जिथे जिथे मोडली होती, तिथे तिथे रेशीम विरून चिरलं होतं.

“ताई, लुगडं नाही हो राह्यलं. काठ तेवढे राह्यले. फेकाचे कसे?” ती म्हणाली. मग गाठोड्याच्या तळातून काठाची एक गुंडाळी काढली. “हा तुमचा वाटा. तुम्ही याल म्हणून ठेवला होता.”

मैत्रिणींनो, मी काय बोलणार होते? दुपारी आम्ही दोघी पडवीत बसलो आणि माझ्यासाठी एक डबा केला. तो कसा केला, ते सांगते.

पंधरा किलो तेलाचा रिकामा पिपा गरम पाणी आणि सोडा घालून दोनदा धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. कापलेल्या तोंडाची कड हातोडीने ठोकून आत वळवावी, नाहीतर हात कापतो. गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून बाहेरून रंगाचा हात द्यावा. पिप्याचा घेर मीटरभराच्या थोडा आतच असतो. म्हणजे एका डब्याला मीटरभर काठ पुरतो, आणि नऊवारीच्या दोन काठांत बरेच डबे होतात.

मी म्हटलं, खळ करून चिकटवूया. वहिनी हसली. तिने पहिला डबा तसाच केला होता. तांदळाच्या पिठाची खळ कोशाच्या कापडातून वर आली, डाग पडले, आणि पावसाळ्यात बुरशी धरून झुरळांनी खळ खाल्ली. तेव्हापासून तिचा नियम असा: सुती कापड चिकटवायला हरकत नाही, रेशीम चिकटवायचं नाही, शिवायचं.

म्हणून अंगरखा. जुन्या सुती पातळाचा दुहेरी पट्टा घ्यावा. डब्याच्या उंचीइतका आणि घेरापेक्षा चार बोटं लांब. त्यावर काठ आधी लांब टाक्यांनी टाचून घ्यावा आणि मग बारीक टाक्यांनी शिवावा. दाते वरच्या बाजूला ठेवावेत, शोभा त्यांचीच आहे. दोन्ही टोकांना तीन-तीन नाड्या लावून मागच्या बाजूला बांधाव्यात. मळला की सोडायचा, हलक्या साबणाने धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. याच रीतीने लोणच्याच्या बरणीला टोपी, सुपाला काठ, शिवणाच्या टोपलीला अस्तर सहज होतं. शेगडीजवळच्या भांड्यांना मात्र कापड नको.

आणि ज्यांच्या ट्रंकेत अजून धड कोशाचं लुगडं आहे, त्यांनी एवढं करावं. वर्षातून दोन-तीनदा ते काढून सावलीत हवा द्यावी आणि घडी जुन्या मोडीवर न घालता नव्या जागी घालावी. सुती कापडात गुंडाळून ठेवावं. सर्वांत बरं म्हणजे नेसावं. आईने तिचं लुगडं जपलं, मग वहिनीने जपलं, आणि जपता जपता ते विरलं. मी त्यासाठी रुसून बसले, तेव्हा बहुधा ट्रंकेत त्याच्या चिंध्याच झालेल्या होत्या.

निघताना वहिनीने माझ्या डब्यात नवं तांदूळ भरलं आणि नाड्यांची गाठ घट्ट बांधली. एसटीत तो डबा मी मांडीवरच ठेवला. आता तो माझ्या फळीवर आहे. रोज तांदूळ काढताना आईच्या काठाला हात लागतो. ते लुगडं पूर्वीच माझ्या वाट्याला आलं असतं, तर माझ्याही ट्रंकेतच राहिलं असतं.

पुढच्या भाऊबीजेला जाणार आहे. या वेळी बोलावण्याची वाट बघणार नाही.