केळीच्या चिकाचा रंग

रावेर-यावलकडे माणसाच्या शर्टावरून त्याचा केळीचा मळा ओळखता येतो. घड कापताना उडालेला चीक आधी पाण्यासारखा दिसतो. पुढे तिथे तपकिरी डाग उमटतो आणि साबण, लिंबू, ब्लीच कशालाही दाद देत नाही. आमच्याकडच्या बायका पिढ्यानपिढ्या त्या डागाशी भांडत आल्या. घरी कपडे रंगवायला लागल्यापासून मला मात्र त्याच्याबद्दल आदर वाटतो. सुती कापडावर इतका पक्का रंग बसवायला केवढा आटापिटा करावा लागतो!

चिकात टॅनिन असतं. हवा लागली की ते काळवंडतं आणि सुताला धरून बसतं. हिरड्यात आणि डाळिंबाच्या सालीत हीच जातकुळी. रेशीम आणि लोकर रंग पटकन घेतात, सूत हट्टी. नुसती तुरटी लावली तर ती धुण्यात निघून जाते. म्हणून आधी कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढायची. मग किलोभर कापडाला दीड-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड भिजवून त्यात ते बुडवायचं, न खळबळता वाळवायचं आणि त्यानंतर तुरटीच्या पाण्यात घालायचं. एवढं होईपर्यंत रंगाचा पत्ता नसतो, कापड नुसतं मळकट दिसतं. शिकायला येणाऱ्या मुली इथेच घाई करतात, आणि मी इथेच कडक वागते. रंग टिकणार की नाही, ते इथेच ठरतं.

पुढचं सोपं आहे. साक्री-सटाण्याकडच्या डाळिंबांच्या साली वाळवून ठेवलेल्या असतात. त्या उकळून, गाळून त्या पाण्यात कापड मंद आचेवर ठेवलं की छान पिवळा रंग चढतो. मग दुसऱ्या पातेल्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. केळीचे डाग पडलेला शर्ट असा पिवळा करून त्यात सोडला की डोळ्यांदेखत हिरवट होतो, मग शेवाळी, मग आषाढातल्या आभाळासारखा करडा. केळीचे डागही लोहाने काळे पडतात, पण आता सगळा शर्टच गडद झालेला असतो. डाग त्यात मुरून जातात, बारकाईने पाहिलं तरच सापडतात. शिवणीचा दोरा मात्र पांढराच राहतो, कारण तो पॉलिस्टरचा. कॉलरीभोवती, खिशाभोवती ती टाक्यांची रेघ उठून दिसते, आणि मला ती फार आवडते. हिराकस किलोला वीस ग्रॅमच्या वर नेऊ नये. लोह जास्त झालं की कापड कुजतं, घडीवर फाटतं.

होळीच्या सुमारास चोपडा-शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला पळस फुलतो. त्याचा केशरी-पिवळा रंग सुंदर, पण उन्हात उडणारा. हळदीचंही तसंच, शिवाय साबण लागला की ती लाल होते. जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या घरात जातो, तेव्हा रंगवलेलं काहीही सावलीतच वाळवावं. पळस-हळद पडद्यांना वापरूच नये, हे माझं ठाम मत.

या मातीने एके काळी कापसाबरोबर रंगही पिकवला. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग निघायचा, त्यासाठी खानदेशात आलीची लागवड होई. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेतला लाल रंग, अलिझरिन, प्रयोगशाळेत तयार केला. तो स्वस्त झाल्यावर मंजिष्ठ गेली आणि आलही गेली. कापूस तेवढा राहिला. आज जळगाव-धुळ्याच्या जिनिंगमधून तो गाठी होऊन बाहेर जातो आणि दुसऱ्याने दिलेला रंग घेऊन दुकानात परत येतो. त्या कापसावर घरच्या पातेल्यात एक तरी रंग चढावा, असं मला मनापासून वाटतं.

जुनी चादर, उशीचे अभ्रे, विटलेलं धोतर, कशापासूनही सुरुवात करा. आधी कडेचा एक दोरा काढून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास येऊन राख झाली तर सूत. वितळून मणी झाला तर ते कापड बाजूला ठेवा, हे रंग त्यावर बसत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, रंग स्वच्छ येतो. पातेलं स्टीलचं घ्या, लोखंडी भांड्यात पिवळ्याचा करडा होतो. हिरडा, तुरटी, हिराकस तिन्ही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. रंगाचं पातेलं तेवढं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.