भात किती जनांचा टाकू जी?

बोदलकसाला जेवायचं असेल तर सकाळी आठच्या आत निरोप पोचला पाहिजे. पूर्वी तो दूधवाल्याच्या सायकलवरून जायचा, नंतर एका गुरुजींच्या लुनावरून, आता फोनवरून जातो. पलीकडून येणारा प्रश्न मात्र तोच आहे. "भात किती जनांचा टाकू जी?" काय खाणार, हे कुणी विचारत नाही. ते तलावानं, जंगलानं आणि त्या दिवशीच्या गुजरीनं, म्हणजे बाजारानं, ठरवलेलं असतं. आपण माणसं तेवढी मोजून सांगायची.

मी तिरोड्याचा. नागझिऱ्याला वाघ बघायला आलेले ओळखीपाळखीचे लोक जाता-येता मला विचारतात, तुमच्याकडे जेवायला चांगलं ठिकाण कोणतं? मी सांगायला लागतो आणि लक्षात येतं, की जिथं माझा जीव गुंतलाय त्यातल्या एकाही ठिकाणावर पाटी नाही. स्टँडजवळचा पोहेवाला, फाट्यावरचे काका, पारीवरची मावशी. ही नावं नकाशात सापडायची नाहीत. वाटेत कुणालाही विचारा, तो हात करून दाखवील.

पार म्हणजे तलावाची पाळ. आमच्या झाडीबोलीत ळ नाही आणि ण नाही. डाळीची डार होते, पाण्याचं पानी होतं, जेवणाचं जेवन. आणि वाक्याच्या शेवटी 'जी' लागतो. होय जी, नाही जी, बसा जी. गिऱ्हाइकाला लागतो, नातवाला लागतो, भांडतानाही लागतो. बाहेरगावी राहिलो तेव्हा मला जेवणाआधी या 'जी'ची आठवण यायची. ताट समोर यायचं, पण कुणी "घ्या ना जी" म्हणायचं नाही, आणि पहिला घास तसाच हातात राहायचा.

सकाळ तिरोड्यातच होते. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. नागपूर-गोंदिया अप-डाउन करणारे मास्तर, कारकून, बँकवाले गाडीच्या आधी पोह्यांच्या ठेल्याभोवती उभे असतात. पिवळेधमक पोहे, वर चण्याची लालभडक तर्री, त्यावर कच्चा कांदा आणि चिमूटभर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे पुण्याकडच्या माणसाला एकदा सांगून ठेवावं लागतं. आलूबोंडा मागितला तर ठेलेवाला तो प्लेटमध्ये ठेवतो, अंगठ्यानं मधोमध दाबून फोडतो आणि त्या खळग्यात तर्री ओततो. बोंड्याचं बेसन कडेनं कुरकुरीत राहतं आणि आत आलू तिखट पिऊन फुगतो. २०१२ साली गावाजवळचं औष्णिक वीज केंद्र सुरू झालं, बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं कामाला आली, रस्त्यावर ढाबे झाले, तंदूर आले. चांगलं झालं, माणसांची पोटं भरली. मी तिथं जेवतो, पण तिथली आठवण घेऊन घरी आलो असं कधी होत नाही.

तिरोड्याहून बोदलकसाकडे निघालं की दोन्ही अंगांनी धान. आषाढात रोवणीच्या बायका गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या असतात, दिवाळीआधी सगळं शिवार सोनेरी होऊन झुकतं, आणि नशीब असेल तर बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, सारसांची जोडी उभी दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी आता बघायचा तर आमच्याच गोंदिया जिल्ह्याकडे यावं लागतं. वाटेत सुकडी-डाकराम लागतं. तिथं चक्रधर स्वामींचं देऊळ आहे, चैत्रात यात्रा भरते. या रस्त्यावर एका फाट्यावर काकांचं हॉटेल आहे. चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, पुढं मातीची भट्टी आणि बसायला एक लांब फळी. त्या फळीच्या एका टोकाचा माणूस उठला की दुसऱ्या टोकाच्यानं सावध राहायचं, हे आम्ही लहानपणी शिकलो.

काकांच्या हातची लाखोरीच्या डाळीची भजी मी खातो त्याला चाळीस वर्षं झाली असतील. लाखोरी, पुस्तकात लाखोळी, ही आमच्या धानाच्या पाठची बहीण. धान कापायच्या आधीच ओलसर बांधीत तिचं बी फेकून देतात. धान घरी जातो आणि त्याच ओलीवर लाखोरी उगवून येते. नांगर नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. कोवळी असताना खुडून भाजी करायची, उरली तर वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची, दाणे भरले की डाळ करायची. ही डाळ फार दिवस आणि फार खाल्ली तर पायातलं बळ जातं, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रानं पुढे ती उठवली. दुष्काळात दुसरं काहीच ज्यांच्या ताटात नव्हतं, त्यांचे पाय गेले. डाळीला दोष लागला, रिकाम्या ताटाला लागला नाही, असं मला राहून राहून वाटतं. काका डाळ रात्रभर भिजवतात, ते पाणी ओतून देतात, पाट्यावर जाडसर वाटतात. वाटताना अख्खे धने आणि लसूण. भजी मोडली की आत डाळीचा दाणा दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मिक्सर घेऊन द्यायला मुलगा तयार आहे, पण ते ऐकत नाहीत.

मग चढ लागतो, साग आणि बांबू दाटतात, एक वळण येतं आणि एकदम पाणी दिसतं.

बोदलकसाचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला, १९१७ चा. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला मातीची पार घालून पाणी अडवलेलं. आमच्या मुलखात कोहळ्यांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, त्यांच्यापुढं हा वयानं धाकटाच. काठावर पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, हिवाळ्यात पाण्यावर बदकं उतरतात, पलीकडं नागझिऱ्याचं जंगल सुरू होतं. लोक हे सगळं बघायला येतात. मी लहानपणी यायचो तो वडिलांचा डबा घेऊन, कारण ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. कुणाच्या बांधीला किती दिवस पाणी, कोणतं गेट किती वर उचलायचं, कुठं पाट फुटला, हे बघत त्यांचं आयुष्य त्या कालव्याच्या काठानं चालत गेलं. एका पावसात रस्ता बंद झाला आणि डबा पोचला नाही. त्या दिवशी पारीखालच्या झोपडीतल्या बाईनं त्यांना ताट वाढलं. ती पारीवरची मावशी. तेव्हा ती नवी नवरी होती.

मावशीचं घर ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं. नवरा पहाटे डोंगा घेऊन पाण्यात जाई, आता मुलगा जातो. मासेमारांच्या संस्थेनं बी सोडून वाढवलेले रोहू-कतला बाजाराला जातात. मरळ, वागूर, झिंगे असं जे तलावाचं स्वतःचं असतं, त्यातलं थोडं घरी राहतं. तेच तिचं हॉटेल. मोहाच्या झाडाखाली दोन चुली, शेणानं सारवलेलं अंगण, पाण्याचा रांजण. रोज दहा-बारा माणसं, त्यापेक्षा जास्त ती घेत नाही.

मरळ ती राखेनं चोळून धुते, म्हणजे हातातून सटकत नाही. मसाला पाट्यावर: भाजलेला कांदा, लसूण, धने, सुकी मिरची आणि मूठभर भाजलेलं जवस. तेलही जवसाचंच, लाकडी घाण्याचं असलं तर फारच बरं. नव्या माणसाला त्या तेलाचा वास उग्र वाटतो. दुसऱ्या घासाला तो विसरतो, तिसऱ्याला मागतो. आंबटाला उन्हाळ्यात कैरी, हिवाळ्यात भेदरं, म्हणजे आमचे गावठी टमाटे. रस्सा पातळ असतो. भातातून सरळ खाली उतरला पाहिजे, पत्रावळीच्या तळाला गेला पाहिजे, आणि शेवटचा भात त्यात कालवून खाताना कपाळावर घाम आला पाहिजे. पावसाच्या पहिल्या सरींनंतर मासा नसला तरी चालतं, कारण तेव्हा जंगल वाढायला येतं: बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आम्ही वास्ते म्हणतो, आणि वारुळावर उगवणाऱ्या सात्या. सात्यांची भाजी शिजत असली की पारीवरून चालणारा माणूस थांबतो. मटणाच्या तोडीचा तो वास असतो, आणि चार दिवसांत संपतो.

दहाच्या वर माणसं असली आणि मटण असलं, तर मावशी लांब रोट्या करते. तिच्याजवळ बसून हे बघावं. कणीक पाण्यानं सैल करून ती परातीत आपटत राहते, आपटत राहते, तिला तार सुटेपर्यंत. गोळा उचलला की तो बोटांतून गळायला बघतो. ती त्याला गळू देत नाही. या हातावरून त्या हातावर झेलत, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत तो पातळ पसरत जातो, इतका की त्यातून चुलीचा जाळ दिसतो. चुलीवर उलटं मडकं तापलेलं असतं. दोन्ही हात उचलून ती ते पांघरूण मडक्यावर टाकते. क्षणभर फुगे येतात, वास सुटतो, उलटली न उलटली तोच रोटी खाली. घडी घालून पत्रावळीत येते तेव्हा रुमालासारखी मऊ असते. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "जारानं नेले जी, कवाचेच."

एकदा आमच्याकडून मोठी चूक झाली. पाहुणे आले होते, मी सकाळी सहा जणांचा निरोप पाठवला, आणि वाटेत गाडी बंद पडली. ती दुरुस्त होईतो संध्याकाळ झाली, आम्ही तसेच परत फिरलो. उलटा निरोप द्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना कळलं. ते काही बोलले नाहीत, सायकल काढली आणि इतक्या वयात तो सगळा रस्ता मारत तिच्याकडे गेले. पैसे पुढं केले. तिनं घेतले नाहीत. "मासे पोट्ट्यांनी खाल्ले जी भाऊजी, तेचं काय. मी घाबरली. रस्त्यात काही झालं का म्हनून पारीवर दोनदा येऊन पायलं." वडिलांनी घरी येऊन मला फक्त हे वाक्य सांगितलं आणि अंघोळीला गेले. सहा जणांचा भात म्हणजे तिच्या घरचे किती दिवस, हा हिशेब मी त्या रात्री केला. शहरात टेबल राखून ठेवायला सांगितलं आणि गेलो नाही, तर टेबल रिकामं राहतं. इथं एक बाई पारीवर येऊन रस्त्याकडे बघत उभी राहते.

दिवाळीनंतर मंडई सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. तेव्हा मावशी चार दिवस चुली बंद ठेवते आणि लेकीच्या गावी जाते. आम्हीही मंडईतच जेवतो, म्हणजे गरम जलेबी, गोड शेव आणि उकडलेले शिंगाडे. हे शिंगाडेही तलावातलेच, ढिवरांच्याच हातचे. काळ्या सालीला दातानं चीर पाडून पांढरा गर काढत नाटकाची तिसरी घंटा ऐकायची. जलेबी खाताना मी अजून वडिलांसारखीच कागदातला पाक शेवटी चाटतो.

वडील आता घराबाहेर पडत नाहीत. गुडघे गेले. मागच्या आठवड्यात मुलगी सुट्टीवर आली, म्हणून मी सकाळी फोन केला.

"भात किती जनांचा टाकू जी?"

"दोघांचा, मावशी."

"म्हनजे तिघांचा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आम्ही जेवलो. मरळ होती, कैरी होती. निघताना तिनं पितळी डबा हातात दिला, वर पळसाचं पान आणि त्यावर फडकं बांधलेलं. घरी पोचेतो दिवस मावळला होता. वडील खाटेवर बसून वाट बघत होते. डबा मांडीवर घेतला, फडक्याची गाठ सोडता सोडता थांबले.

"पानी कुठवर आलं?"

"सांडव्याच्या दोन हात खाली."

"कालव्याचं गेट?"

"बंद आहे."

त्यांनी मान हलवली, गाठ सोडली आणि पळसाचं पान बाजूला केलं.