उसना सूर

आमच्या घरातली ‘उपासना संगीत’ची जुनी प्रत आजीच्या ट्रंकेतून नगरहून ठाण्याला आली. आजोबांना रेल्वेत नोकरी लागली आणि नगरकडच्या इतर ख्रिस्ती कुटुंबांसारखे आमचेही बिऱ्हाड इकडे हलले. आजी अक्षर लावून लावून वाचायची, पण गीतांचे नंबर आणि चाली तिला मुखोद्गत होत्या. पाळकसाहेबांनी नंबर सांगितला की पान उघडण्याआधीच तिचा सूर लागे. साथीला पेटी, तबला, झांजा. कुठे ओवी, कुठे अभंग, कुठे कीर्तनाचा ढंग. चाळीतल्या बायका म्हणत, “तुमचं भजन आमच्यासारखंच आहे की!” आजीला त्याचा फार आनंद होई.

त्या पुस्तकातली कितीतरी गीते रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत. टिळकांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले होते, हे मी स्वतः कल्याणच्या एका शाळेत शिकवू लागले तेव्हा मला कळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका दिवसात नातीगोती तुटली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलासह नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण मधल्या ताटातुटीची वर्षे काय होती, हे लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्याला सांगायला नको. आपल्या माणसांनी बाहेर काढलेल्या माणसाने आम्हाला सगळ्यांनी मिळून म्हणायची गीते दिली, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

आमच्या या भागातली ख्रिस्ती श्रद्धा तशी फार जुनी. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. अनेक अभ्यासक ते आपले कल्याणच मानतात. मायभूमीच्या मंडळीपासून समुद्रापलीकडे पडलेली ती माणसे काय गात असतील, कोण जाणे. पुढे 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू श्रद्धेपायी मारले गेले. परक्या गावात, परक्या भाषेत. त्यानंतर त्यांच्याच पंथाचा ओडोरिक नावाचा प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी आपल्याबरोबर चीनपर्यंत घेऊन गेला. तलावपाळीवरून जाताना मला त्या चौघांपेक्षा ओडोरिकच जास्त आठवतो. त्यांना एकटे राहू न देणारा कुणीतरी आला होता.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. येताना आईने ते पुस्तक माझ्या हाती दिले. बुधवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असे. लोकलमधून घामेजून उतरलेली माणसे एका छोट्या खोलीत दाटीवाटीने बसून गात. माझे पहिले बाळ पोटातच गेले तेव्हा मी त्या सभेला जायचे सोडले. “विश्वासात कुठेतरी कमी पडलीस,” असेही मला ऐकवले गेले. एका बुधवारी मंडळीतल्या बायका न सांगता आमच्याकडे आल्या आणि गायला बसल्या. त्यांच्यातल्या एक वयस्क मावशी म्हणाल्या, “तू गाऊ नकोस, बाळा. आज तुझ्या वाटचं आम्ही गातो.” मी नुसती बसून राहिले. माझा त्या दिवसांतला विश्वास मी त्यांच्याकडून उसना घेतला.

22 मार्च 2020 हा जनता कर्फ्यूचा रविवार. मग टाळेबंदी आली, सोसायटीच्या फाटकाला बांबू बांधले गेले. झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, 12 एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण, सगळे मोबाईलवर. सगळ्यांनी एकदम गायले की आवाज मागेपुढे पोहोचत, सूर फाटत. म्हणून पाळकसाहेब सगळ्यांना आवाज बंद ठेवायला सांगत. कुणीतरी एक जण गाई, बाकीचे आपापल्या खोलीत ओठ हलवत. माझा सूर तेव्हा मला पहिल्यांदा एकटा ऐकू आला आणि तो किती थोडा पुरतो ते कळले.

त्या उत्तम शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांवरचे मनन मी घरी ऐकले. चौथा उद्गार लहानपणापासून ऐकत आले होते. पित्याने सोडून दिल्याचा तो आक्रोश. पण ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत, ही गोष्ट त्या दिवशी वेगळीच लागली. सगळ्यांनी टाकलेल्या त्या घटकेला खुद्द येशूने नवे शब्द शोधले नाहीत. आईच्या तोंडून, सभास्थानात, सणाच्या वाटेवर ऐकलेले आपल्या लोकांचे गाणे त्याने उसने घेतले. मग आपण का संकोचावे?

16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, राज्यातली प्रार्थनास्थळे उघडली आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. त्याच एप्रिलमध्ये आई गेली. दवाखान्यात भेट झाली नाही. दफनाला घरचे मोजकेच. पाळकसाहेबांनी विधी उरकता घेतला आणि गीताची वेळ आली तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून शब्द फुटेना. भावाच्या हातात मोबाईल होता. त्यातून मंडळी आपापल्या घरून गायला लागली. सूर मागेपुढे, फाटके, कुणी आधी संपवतंय, कुणी नंतर. त्या दिवशी कुणीही आपला आवाज बंद ठेवला नव्हता. त्याहून सुंदर गाणे मी ऐकलेले नाही.

दुःखात खचलेल्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा घेणे आम्ही ख्रिस्ती लोकांनी आता थांबवावे, असे मला कळकळीने वाटते. स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि शतकानुशतके मंडळी ते मोठ्याने म्हणत आली आहे. ज्याला पुढची ओळ म्हणवत नाही, त्यालाही मंडळीत जागा आहे, हाच त्याचा अर्थ.

ऑक्टोबर 2021 मध्ये चर्च पुन्हा उघडले. पण ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंतच्या इमारतींत अजून कितीतरी वयस्क माणसे एकटी आहेत. मुले दुबईत, ऑस्ट्रेलियात, गुडघे जिना उतरू देत नाहीत. रविवारी उपासनेनंतर आम्ही काही जणी आजीचे पुस्तक घेऊन त्यांच्याकडे जातो. कुठले गीत हवे ते विचारतो आणि गातो. त्यांनी बरोबर गायलेच पाहिजे असे नाही. कुणी रडते, कुणी भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आम्ही गीत पुरे करतो. दुःखाच्या दिवसांत माणसाला मंडळीकडून आधी सूर मिळावा, उपदेश मागून आला तरी चालेल. आणि तो सूर देणे एकट्या पाळकसाहेबांचे काम नाही. ज्याच्यापाशी आज आवाज आहे, त्या प्रत्येकाचे ते आहे.