मधल्या ट्रेवरचं फ्युजेल

फ्युजेलमधलं मुख्य आयसोअमाईल अल्कोहोल 131 अंशांच्या आसपास उकळतं, पाणी 100ला, इथेनॉल 78ला. नुसत्या उत्कलनबिंदूंवर भिस्त ठेवली तर फ्युजेल तळाशी जायला हवं. पण पाण्याला ते नकोसं असतं, म्हणून रेक्टिफायरच्या खालच्या, पाणीदार ट्रेंवरून ते इथेनॉलच्याही आधी वर पळतं. वर स्पिरिट दाट झालं की तेच जड ठरून खाली ढकललं जातं. मग मधेच साचून फुगवटा करतं, आणि बाजूने काढलं नाही तर कॉलम बिघडवतं. मळीच्या डिस्टिलऱ्यांसाठी मॉडेलं करताना आयुष्यभर मला या फुगवट्यानेच छळलं.

मॅकेब-थिलींच्या 1925च्या आलेखात तिसऱ्या घटकाला जागाच नाही. 1968चं एनआरटीएल समीकरण जागा देतं, पण पाणी आणि आयसोअमाईल यांचे थर कसे पडतात यावरून काढलेले स्थिरांक त्यांच्या बाष्पाला नीट लागू पडत नाहीत. मर्फ्रीची ट्रे-कार्यक्षमता दोन घटकांत सरळ वागते. तीन झाले की प्रत्येकाची वेगळी, कधी शंभर टक्क्यांच्या वर, कधी शून्याखाली.

तरी कित्येक सल्लागार सगळ्यांना एकच कार्यक्षमता लावतात, वरचं स्पिरिट जुळलं की अहवाल देतात. याचा मला खरंच राग येतो. वजनाने साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या जरा पुढे ॲझिओट्रोप आहे. तिथे चुकीचं मॉडेलही बरोबर दिसतं. मॉडेलची परीक्षा मधल्या ट्रेंवर व्हायला हवी. तिथले नमुने काढून तपासायचा कंटाळा आता सार्वत्रिक झाला आहे.

तापमानं बघून फ्युजेल कुठल्या ट्रेवरून काढायचं ते मी सांगायचो. ऑपरेटर फोन करायचे, आणि तो मान मला फार प्रिय होता. अलीकडे हाताखाली आलेल्या मुलीने स्थिर अवस्था गृहीत धरणंच सोडलं. "सर, फीडमध्ये फ्युजेल इतकं थोडं, की फुगवटा भरायलाच फार वेळ लागतो. तोवर फीड बदललेलं असतं," ती म्हणाली. तिच्या आलेखात फुगवटा रिफ्लक्सबरोबर ट्रेमागून ट्रे सरकत होता. पाहून आनंद झाला, आणि त्याआधी मत्सर वाटला. हे मी शोधायला हवं होतं, असं अजूनही वाटतं.

पुढच्या हंगामात नमुने कुठून घ्यायचे यावर आमचा वाद चालू आहे. साइड ड्रॉच्या वरचे ट्रे तिला पुरेसे वाटतात. मला खालचेही हवेत, कारण इथेनॉल कमी पडलं की तिथे द्रवाचे दोन थर होऊ पाहतात, आणि ते तिच्या समीकरणांत अजून आलेले नाहीत.