कडेपलीकडचे ‘नाही’

मराठी वाक्याचा एक स्वभाव आपल्या नित्य परिचयाचा आहे. होकार की नकार, हे ते अगदी अखेरीस सांगते. ‘जायचे’ हा शब्द ऐकून चपला घातलेला मनुष्य पुढचे ‘नाही’ ऐकताच त्या पुन्हा काढून ठेवतो. या स्वभावाची जाणीव मला गेल्या वर्षी एका ईमेलने करून दिली.

बंगळूर येथे भाषांतर व संपादन हा माझा व्यवसाय. माझी वृद्ध आत्या बेळगावी राहते. येथील डॉक्टरांनी तिला तपासून रक्तदाबाचे औषध बदलून दिले. पुढे त्यांच्या इंग्रजी सूचनांचे मराठी करून मी ते तिला ईमेलने पाठविले. औषधाचे नाव, वेळ व सूचना हे सारे एकाखाली एक नीट यावे म्हणून मजकूर ठरीव रुंदीच्या चौकटीत बसविला. माझ्या रुंद पडद्यावर तो मोठा देखणा दिसत होता.

आत्या मोबाइलवर वाचते, आणि तेही अक्षरे मोठी करून. तिच्या पडद्यावर ओळ उजव्या कडेशी संपली ती अशी : ‘जुनी गोळी नव्या गोळीबरोबर चालू ठेवायची’. ‘नाही’ हा शब्द कडेपलीकडे राहिला. दोन दिवस तिने दोन्ही गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला : “अगं, उठलं की घेरी येते. पण तू लिहिलंस तसंच घेते आहे हो मी.” डॉक्टरांना विचारून जुनी गोळी तत्काळ बंद केली आणि घेरी थांबली. भाषांतरात एकही चूक नव्हती. तरीही अर्थ उलटला होता, आणि तो मीच उलटविला होता.

कागदावरील पत्रात असे होत नाही, कारण लिहिणाऱ्याचा व वाचणाऱ्याचा कागद एकच असतो. मोडी लिहिणारे कारकून आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढीत व मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. ओळ कोठे संपावी हे कागदच ठरवी. संगणकाच्या जगातही पूर्वी असेच एक माप होते. १९२८ साली आय. बी. एम. ने आणलेल्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते. पुढे पडद्यांवरही ८० चिन्हांची ओळ रूढ झाली. ईमेलच्या नियमांत आजही एका ओळीत ७८ चिन्हांहून अधिक नसावीत अशी शिफारस आहे.

परंतु आज प्रत्येकाचा पडदा निराळा. म्हणून दोन शब्दांमधील मोकळी जागा पाहून वाचणाऱ्याचे यंत्रच ओळ तोडते व उरलेला मजकूर खाली घेते. लिहिणाऱ्याने ओळी स्वतः तोडल्या, तर लहान पडद्यावर एक ओळ लांब व दुसरी दोन शब्दांची, असा दातेरी मजकूर दिसतो. ठरीव रुंदीची चौकट घातली, तर यंत्राला ओळ तोडताच येत नाही. माझ्या सुबकपणाने नेमके हेच केले.

तेव्हापासून मी परिच्छेद संपेपर्यंत ओळ तोडीत नाही. घरच्या पत्रात तक्ता घालीत नाही. प्रत्येक सूचनेला स्वतंत्र परिच्छेद देते. महत्त्वाचे पत्र आधी स्वतःलाच पाठवून मोबाइलवर, अक्षरे मोठी करून वाचते. आपणांस कोणाचा असा कडेबाहेर गेलेला मजकूर आला, तर तो उचलून साध्या टिपणाच्या पानावर चिकटवून पाहावा; बहुधा ओळी आपोआप पडद्यात मावतात.

आत्याच्या पुढील पत्राचा पहिलाच शब्द मी ‘बंद’ असा लिहिला व मग गोळीचे नाव दिले. तिचे उत्तर आले : “आता सगळं दिसतं. तरी शेवटपर्यंत सरकवून बघते. तुझं ‘नाही’ कुठे लपलं असेल, सांगता येत नाही.”