मागची पिन लागली का?

उन्हाळा म्हणजे आमच्या धंद्याचा हंगाम. नाल्याचं खोलीकरण, शेततळी, विहिरी, रस्त्याचं रुंदीकरण, पाणीयोजनेची चर, सगळ्यांना सगळं पाऊस पडायच्या आत उरकायचं असतं. माझ्याकडे वीस टनी दोन पोकलेन आहेत आणि गेली चौदा वर्षं सातारा जिल्ह्यात मी ती भाड्यानं चालवतोय. आज राजकारणावर लिहीत नाही, एका लोखंडी तुकड्यावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या गावात सध्या सरकारी पैशानं मशीन चालू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

(पोकलेन हे मुळात मशीनचं नाव नाही, ते एका फ्रेंच कंपनीचं नाव आहे. वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसंच. शुद्ध बोलायचं तर एक्स्कॅव्हेटर. पण चौदा वर्षांत मला ‘शेठ, एक्स्कॅव्हेटर पाठवा’ असा फोन कुणी केलेला नाही, त्यामुळे मीही पोकलेनच म्हणणार.)

पोकलेनच्या हाताच्या टोकाला बकेट असतं. ते दोन पिनांवर लटकतं. पुढची पिन हाताच्या टोकात आणि मागची पिन बकेट आत-बाहेर वळवणाऱ्या लिंकमध्ये. वीस टनी मशीनची ही पिन मनगटापेक्षा जाड असते आणि नुसतं रिकामं बकेट पाऊण टनाच्या आसपास भरतं. खाली मुरूम असेल तोवर बकेट चालतं. कातळ लागला की बकेट काढून ब्रेकर लावावा लागतो, तो दीड टनाच्या घरात. कातळ फुटला की पुन्हा बकेट. आमच्याकडच्या जमिनीत हे दिवसातून तीन-चार वेळा होतं.

हे काम हातानं कसं करतात ते एकदा उभं राहून बघा. हेल्पर घण घेऊन पिन ठोकतो. पिन कडक पोलादाची, घण कडक पोलादाचा, त्यामुळे कधी चिपळी उडते आणि थेट डोळ्यात जाते. पिन निघाली की दुसरं अवजार जागेवर आणायचं. ऑपरेटर वर केबिनमध्ये लिव्हर इंचइंच हलवतो आणि हेल्पर खाली भोकाला भोक जुळलं का ते बघतो. कशानं? बोटानं. आमच्या धंद्यात तर्जनीचं पेर नसलेली माणसं भेटतात, ती याच भोकांची. अर्धा तास गेला तर लवकर झालं म्हणायचं. बुश झिजलेला असेल, ग्रीस वाळलेलं असेल, तर तास-दीड तास.

आणि हा वेळ कुणाचा? कुणाचाच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बकेट बदलायचा वेळ मीटरमध्ये धरू नका. शेतकरी म्हणतो, ठेकेदार म्हणतो, साहेबसुद्धा म्हणतात. तासावर चालणाऱ्या धंद्यात जो वेळ कुणी मोजत नाही तो ऑपरेटरच्या जिवावर वाचवला जातो, हे आधी लक्षात घ्या. पुढचं सगळं त्यातून येतं.

यावर उपाय म्हणून जगानं एक कपलर काढला. क्विक हिच म्हणा, क्विक कपलर म्हणा. हात आणि बकेट यांच्या मध्ये हा तुकडा कायमचा बसवायचा. बकेटच्या पिना बकेटमध्येच राहतात. कपलरच्या पुढच्या बाजूला आकडा असतो, तो पुढची पिन उचलतो. मग बकेट आत वळवायचं आणि मागचा जबडा मागच्या पिनेवर बंद करायचा. जबड्याला छोटा हायड्रॉलिक जॅक असतो, केबिनमधल्या बटणावर चालणारा. घण नाही, भोकात बोट नाही, मिनिट-दोन मिनिटांत बकेट बदललं. ब्रेकर असेल तर तेलाचे पाइप वेगळे जोडावे लागतात, तेवढंच. स्वीडनमध्ये तर याच्याही पुढे जाऊन बकेट गोल फिरवणारी आणि तिरकी करणारी टिल्टरोटेटर नावाची जोडणी रुळली आहे, आणि काही कपलर पाइपसुद्धा आपोआप जोडून घेतात. यंत्र म्हणून बघितलं तर सुंदर आहे. मी स्वतः एका मशीनला कपलर बसवला आहे आणि काढणार नाही.

पण यात एक जागा आहे जिथं माणूस मरतो.

मागचा जबडा बंद झाला म्हणजे मागची पिन त्यात आली असं नसतं. बकेट थोडं तिरकं बसलं असेल, पिनेभोवती माती-दगड अडकला असेल, तर जबडा पिनेच्या अलीकडेच रिकामा बंद होतो. केबिनमधून बघाल तर सगळं ठीक दिसतं. बकेट आत वळवलेलं असतं, पुढच्या आकड्यावर वजन टेकलेलं असतं, त्यामुळे ते पडत नाही. हात वर जातो, मशीन फिरतं, तरी पडत नाही. ऑपरेटर माती टाकायला बकेट उघडतो आणि त्या क्षणी ते निखळतं. तुम्ही म्हणाल, पाइप फुटला तरी तेल धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो ना? असतो. पण तो व्हॉल्व्ह रिकामा जबडासुद्धा तितक्याच इमानदारीनं बंद धरून ठेवतो.

म्हणून जुन्या, अर्ध्या ऑटोमॅटिक कपलरला एक सुरक्षा पिन दिलेली असते. जबडा बंद झाला की खाली उतरायचं, ही पिन हातानं आरपार घालायची. जबडा नीट बसला नसेल तर पिन जातच नाही, म्हणजे तपासणीही झाली आणि कुलूपही लागलं. कागदावर उत्तम. आता ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी खरं सांगा, अवजाराच्या लिंच पिना कंपनीच्याच आहेत का? की एका जागी खिळा आहे, दुसऱ्या जागी तार आहे आणि तिसरी जागा रिकामी? पोकलेनच्या सुरक्षा पिनेचं हेच होतं. मी सळईचा तुकडा घातलेला बघितलाय. काहीच न घातलेलं तर कितीतरी वेळा.

तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पाणीयोजनेच्या पाइपलाइनचं काम चालू होतं. एका टोकाला माझं मशीन डंपर भरत होतं, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या ठेकेदाराचं मशीन चर काढत होतं. त्या मशीनला कुठल्यातरी वर्कशॉपात बनवून घेतलेला कपलर होता. सुरक्षा पिन साखळीसकट गायब, किती दिवसांपासून ते देव जाणे. दुपारी ब्रेकर काढून बकेट लावलं. चरीत दोन पोरं पाइपाखाली वाळू पसरत होती. मी पन्नास-साठ फुटांवर होतो. आवाज मोठा झाला नाही, बकेट मातीत बसल्यावर होतो तसाच झाला, म्हणून आधी कुणाचं लक्षही गेलं नाही. ओरडणं नंतर ऐकू आलं.

पोरगा बावीस वर्षांचा, नांदेडकडचा. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

पेपरात चार ओळी आल्या, ‘पोकलेनचे बकेट निखळून मजूर जखमी’. गुन्हा नोंदवला ऑपरेटरवर, निष्काळजीपणाचा. तो झारखंडचा, हेल्परचा ऑपरेटर झालेला, मशीन चालवायला कुठल्या वर्गात न शिकलेला. कपलर कुणी बनवला, पिन कुणी द्यायची होती, चरीत माणसं असताना वरून बकेट फिरवू कुणी दिलं, यातलं काही कुणी विचारलं नाही. चौथ्या दिवशी तेच मशीन, तोच कपलर, नवा ऑपरेटर.

हाताखाली माणूस नको हा पहिला नियम आहे आणि तो तिथं मोडला होता, हे मला मान्य आहे. पण एका नियमावर सगळं सोडून चालत नाही, म्हणून तर दुसरं कुलूप लागतं.

हे आपल्याच देशात घडतं असंही नाही. ब्रिटनमध्ये याच अर्ध्या ऑटोमॅटिक कपलरनं माणसं मेली आणि पुन:पुन्हा तेच निघालं की पिन घातलीच नव्हती. अमेरिकेच्या ‘ओशा’नं २००५ साली यावर स्वतंत्र पत्रक काढलं. ऑस्ट्रेलियानं २००८ मध्ये अशा कपलरसाठी मानक केलं. आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १३०३१, २०१६ मध्ये आलं. त्यांनी ऑपरेटरला ‘सावध राहा’ एवढंच सांगून विषय संपवला नाही. यंत्रच बदलायला लावलं. कुलूप नुसत्या तेलाच्या दाबावर राहता कामा नये आणि ते लागलं की नाही हे ऑपरेटरला सीटवरून कळलं पाहिजे. म्हणून आता चांगल्या कपलरमध्ये पुढच्या पिनेलाही वेगळं कुलूप असतं. मागची पिन सुटली तरी बकेट लटकून राहतं, खाली येत नाही. सोडायचं बटण एका धक्क्यात चालत नाही, दोनदा दाबावं लागतं आणि केबिनमध्ये बझर वाजतो.

आपल्याकडे काय आहे? बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा होता, आता त्याची जागा २०२० च्या संहितेनं घेतली आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. त्यातून कामगारांना भांड्यांचा संच मिळतो, सुरक्षा संचाची पेटी मिळते, तिच्यात हेल्मेट असतं. मी त्याची चेष्टा करत नाही, भांडी घरात लागतातच. पण वरून पाऊण टन येत असताना हेल्मेटचं काय करायचं?

सरकारी निविदा मी भरपूर वाचल्या आहेत. मशीन किती, मालकीचं की भाड्याचं, कुठल्या सालचं, विमा आहे का, सगळं विचारतात. हाताच्या टोकाला काय आहे हे आजवर एकाही निविदेत विचारलेलं मी पाहिलं नाही. आणि चाकांची यंत्रं निदान आरटीओच्या दारात जातात. पट्ट्यावर चालणारं पोकलेन तिथंही जात नाही. म्हणजे कामाची निविदा ही एकच जागा आहे जिथं सरकार मशीनकडे वळून बघू शकतं.

मालकांची बाजूही सांगतो, मी त्यांच्यातलाच आहे. कपलरचं वजन दोन-तीनशे किलो वाढतं, दात हातापासून लांब जातात म्हणून खोदायची ताकद थोडी घटते. बकेटं प्रत्येकाची वेगळी, कुणी कंपनीचं तर कुणी गावातल्या फॅब्रिकेटरकडून केलेलं, दोन पिनांमधलं अंतर जुळत नाही. हे सगळं खरं. कुणाला कपलर नको असेल तर घणानं पिन ठोका, ते हळू असतं पण दोन्ही पिना डोळ्यांना दिसतात. सगळ्यात वाईट अवस्था मधली. कपलर आहे, पण कुलूप नाही. घाई मिळाली आणि तपासणी गेली.

मागच्या वर्षी मी इथल्या एका नगरपालिकेला पत्र दिलं. त्यात तीनच वाक्यं मागितली होती. कामावरच्या मशीनला कपलर असल्यास दुसरं, यांत्रिक कुलूप असलं पाहिजे. अर्ध्या ऑटोमॅटिक कपलरला मूळ सुरक्षा पिन जागेवर असल्याशिवाय मशीन चालणार नाही. अवजार बदलल्यावर तपासणी होईपर्यंत हाताच्या कक्षेत कुणी येणार नाही आणि त्या वेळेचे पैसे मीटरप्रमाणे दिले जातील. तिसऱ्या वाक्याचा शेवटचा भाग मुद्दाम घातला. तो नसेल तर पहिली दोन वाक्यं कागदावर राहतात, हे मला धंद्यावरून माहीत आहे.

अभियंता भला माणूस. म्हणाला, “कल्पना चांगली आहे हो, पण एसएसआरमध्ये असा आयटम नाही.” मी म्हटलं, साहेब, हा दर नाही, ही अट आहे. अटीला आयटम लागत नाही. ते हसले, चहा मागवला.

तुमच्या गावात मशीन आलं असेल तर एक गोष्ट बघा, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. बकेट बदलल्यावर ऑपरेटरनं ते जमिनीलगतच ठेवून दात मातीत दाबायला हवेत, आत-बाहेर वळवून, मागे ओढून बघायला हवं. नीट बसलं नसेल तर ते तिथंच, वीतभर उंचीवरून निखळतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. असं न करता त्यानं बकेट थेट वर उचललं तर लांबूनच हाक मारा, मागची पिन लागली का म्हणून. चिडेल कदाचित. माझाही ऑपरेटर पहिल्यांदा चिडला होता, आता तो हेल्परला जवळ येऊ देण्याआधी स्वतःच दात दाबून बघतो.

नालेसफाईची यंदाची निविदा निघाली. त्यात ती तीन वाक्यं नाहीत. पत्राचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे, सोमवारी पुन्हा जाणार आहे.