जामा मशिदीचा हौद

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने शेख मेमन स्ट्रीटवर शिरले की गर्दीच माणसाला पुढे नेते. हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, हमालांच्या आरोळ्या. जामा मशिदीच्या तळमजल्यालाही सभोवार दुकानेच आहेत, त्यामुळे नवख्याला दरवाजा पटकन दिसत नाही. आत गेले की मात्र समोर एकदम पाणी: हिरवट, संथ, मासे फिरत असलेला मोठा हौद.

गेल्या मे महिन्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला मी मुद्दाम तिथे नेले. वर्षभरापासून त्याला वुजूचा वसवसा जडला आहे. एकेक अंग सात-आठ वेळा धुतो. "अब्बा, बादलीत शिंतोडा पडला असेल तर?" म्हणत भरलेली बादली मोरीत ओतून देतो. आमच्याकडे मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर येतो, त्याची आई हंडे भरभरून पाणी साठवते. पण पाण्याहून जास्त जीव तुटतो तो त्याची जमात चुकते म्हणून. आत रकात चालू असते आणि हा नळापाशी रडवेला उभा. (डॉक्टरांनाही दाखवतो आहोत. ज्यांच्या घरी असे असेल त्यांनी लाजू नये.)

हौदाकडे पाहून तो थबकला. "यात वुजू? पाणी तर हिरवं आहे."

हे तळे मशिदीच्या आधीचे आहे. कोकणी मुसलमानांनी 1775 च्या सुमारास इथे मशिदीचे काम सुरू केले, ते 1802 मध्ये पूर्ण झाले. पुढे 1837 मध्ये मुहम्मद अली रोगे यांनी वरचा मजला चढवला. तळ्याच्या तळाशी झरे आहेत. पाण्यातून उठणाऱ्या काळ्या दगडाच्या 16 कमानी 1874 च्या, त्यांनी वरचा भार पेलला आहे.

पायरीवर बसलेले एक वृद्ध कोकणी गृहस्थ आमचे बोलणे ऐकत होते. ते म्हणाले, "बाळा, शेवाळानं, माशांनी, नुसतं साचून राहिल्यानं पाण्याचा रंग बदलला तर पाणी नापाक होत नाही. नजासत पडून रंग, वास किंवा चव बदलली तर होतं."

"आणि बदल दिसलाच नाही तर?"

"तर पाणी किती आहे ते बघायचं."

इथे आम्हा दोघांच्या मसलकात फरक निघाला. आम्ही हनफी, ते शाफई. आमच्याकडे दह-दर-दह, म्हणजे दहा हात लांब आणि दहा हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर 225 चौरस फूट. खोली इतकी, की ओंजळीने पाणी घेताना तळ उघडा पडू नये. त्यांच्याकडे दोन कुल्ले, म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी सव्वा हात, साधारण दोनशे लिटर. पाणी त्याहून कमी असेल तर नजासत पडताच ते नापाक, रंग बदलो वा न बदलो. म्हणजे घरावरची पाचशे लिटरची टाकी त्यांच्या हिशेबात मोठे पाणी आणि आमच्या हिशेबात थोडे! मी गणिताचा मास्तर नाही, पण मुलाने बोटांवर हिशेब केला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

हौद मात्र दोन्ही मापांनी मोठाच. जपायचे असते ते बादलीला: झाकण ठेवावे, घाण हात घालू नये. पण तिथेही नजासत पडल्याची खात्री हवी. नुसत्या शंकेने पाक पाणी नापाक ठरत नाही, हा दोन्ही मसलकांचा नियम आहे. माझा मुलगा नेमके उलटे करत होता: पडलेले दिसत नव्हते, तरी ओतत होता.

"हुजूर (स.) एका मुद्दात वुजू करत," ते गृहस्थ म्हणाले. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. मी घरी हेच शंभरदा सांगितले होते. पण बापाने सांगणे वेगळे आणि परक्या आजोबांनी पाण्याकाठी सांगणे वेगळे, हे मास्तर असूनही मला उशिराच कळले.

तेवढ्यात जोहरची अजान झाली. मुलगा पायरीवर बसला. पलीकडे कुणी तोंड धूत होते, कुणी पाय, आणि मासे आपले निवांत. त्याने हात तीनदा धुतले, चूळ भरली, चेहरा धुतला, मसाह केला. डावा पाय धुऊन उठला, पुन्हा बसला, तोच पाय परत धुतला आणि माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली.

मी वर पोहोचलो तेव्हा तो दुसऱ्या सफमध्ये उभा होता.